तोरणमाळची न्याहारी : शुक्रवार ते सोमवार

शुक्रवार

जळगावहून तोरणमाळला जाण्यासाठी आम्ही चोपडा, शिरपूर आणि शहादा असा तापीच्या उत्तर काठाचा मार्ग धरला. हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता असून त्यावरून पश्चिमेकडे जाताना सातपुडा सतत उजव्या हाताला दिसत राहतो. नोव्हेंबर संपत आला होता. शेतांमध्ये कापसाची वेचणी चालू होती, चोपड्याच्या आसपास केळीच्या बागा आणि शहाद्याच्या जवळ पपईची शेते लागत होती. सोबत आई आणि पत्नी होत्या. रेल्वेने येऊ इच्छिणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावरील नंदुरबार स्थानकावर उतरावे, तेथून बसने शहादा गाठावे आणि पुढचा प्रवास बसने किंवा खासगी गाडीने करावा, कारण शहाद्याला रेल्वे नाही.

वाटेत दुपारी एका मोठ्या उपाहारगृहात थांबलो. त्याच्या खाद्यपत्रिकेवर डोशापासून नूडल्सपर्यंत सर्व काही होते. मागवलेला वडा सकाळी तळून दुपारी पुन्हा तेलात सोडलेला आहे, हे पहिल्याच घासाला कळले, आणि आईने तो तसाच बाजूला ठेवला. प्रवासात असे घडतच असते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. परंतु पुढच्या दिवसांत जे खायला मिळाले त्याचे मोल समजण्यासाठी हा वडा ध्यानात ठेवावा लागेल.

शहाद्यापासून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे. म्हसावद आणि राणीपूर मागे पडले की सपाटी संपते, साग दाट होऊ लागतो, आणि काळापाणीच्या पुढे सातपायरी घाटाची वळणे सुरू होतात. माथ्यावर पोहोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर आलेलो असतो. हे गाव अक्राणी तालुक्यात, म्हणजे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात येते. वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल समाजाची आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून नाव असले तरी हे गाव अजून लहानच राहिले आहे. बाजारपेठ म्हणावी अशी रांग नाही, आणि खाण्याची सोय मोजक्याच ठिकाणी होते.

संध्याकाळी खोलीत सामान ठेवून सकाळच्या न्याहारीची चौकशी करण्यासाठी बाहेर पडलो. तळ्याच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याच्या छपराचे एक लहान उपाहारगृह आहे. पुढे चार बाके, मागे स्वयंपाकाची जागा, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात लाकडाची चूल, एवढाच त्याचा पसारा. चालक शहाद्याकडचे गृहस्थ आहेत. त्यांनी आम्हाला काय हवे ते विचारण्याआधी विचारले, “उद्या सकाळी किती माणसं येणार, भाऊ? आणि किती वाजता?” आम्ही तीन माणसे आणि साडेसात ही वेळ सांगितली. त्यांनी वहीत नोंद केली आणि म्हणाले, “तेवढेच पोहे काढतो. वर आणलेलं वाया गेलं तर परवडत नाही.”

या एका वाक्यात डोंगरावरच्या उपाहारगृहाचे सगळे गणित आले आहे. गॅसची टाकी, कांदे-बटाटे, तेल, शेंगदाणे, कोथिंबीर, चहापत्ती आणि बरेचसे दूधही घाट चढून येते. खाली शहाद्यात काही कमी पडले तर मुलाला सायकलवर पाठवून आणता येते. येथे कमी पडलेली वस्तू दुसऱ्या दिवसाशिवाय मिळत नाही आणि जास्त झालेली फेकून द्यावी लागते. त्यामुळे तोरणमाळला पोह्यांची बशी शहाद्यापेक्षा पाच-दहा रुपयांनी महाग असली तर त्यात लूट नाही, तो घाटाचा खर्च आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शनिवार

सकाळी तळ्यावर धुके होते आणि हवेत चांगलाच गारवा होता. ठरल्या वेळी पोहोचलो तेव्हा चूल पेटलेली होती आणि पोहे धुऊन पाणी निथळण्यासाठी चाळणीत ठेवलेले होते. आम्हाला पाहिल्यावरच फोडणी पडली. चालकांनी जाड पोहे वापरले होते. ते पाण्यात भिजत न ठेवता केवळ धुऊन, निथळून, मीठ लावून ठेवले की दाणा मोकळा राहतो. मग हिरवी मिरची, कांदा आणि शेंगदाण्याच्या फोडणीत परतून झाकण ठेवले की वाफेवर तो आतपर्यंत मऊ होतो. वरून कोथिंबीर, बारीक शेव आणि लिंबाची फोड. साखर नव्हती. शहाद्याजवळच्या खेतियापासूनच मध्य प्रदेश सुरू होतो, आणि इंदूरकडचे गोडसर पोहे आवडणारे प्रवासी येथे बरेच येतात. त्यांच्यासाठी साखरेचा डबा वेगळा ठेवलेला होता. पोहे बशीत आले तेव्हा त्यांतून वाफ निघत होती, आणि स्टीलच्या बशीचा चटका बोटांना लागत होता. थंडीत ही गोष्ट चवीइतकीच महत्त्वाची ठरते.

पत्नीने इडली आहे का, असे विचारले. चालक म्हणाले, “ताई, उन्हाळ्यात करतो. आता नाही. पीठ फुगतच नाही, आणि न फुगलेल्या पिठाची इडली मी देत नाही.” याचे कारण सरळ आहे. तांदूळ-उडदाचे पीठ आंबवणारे जीवाणू उबेत झपाट्याने वाढतात. खाली तापीकाठी रात्रभरात पातेल्याच्या काठापर्यंत चढणारे पीठ येथे हिवाळ्यात सकाळपर्यंत जवळपास तसेच बसून राहते. अनेक ठिकाणी अशा वेळी सोडा घालून वेळ निभावून नेतात. या गृहस्थांनी इडली फळ्यावरून पुसूनच टाकली होती. फळ्यावर त्या दिवशी पोहे, मिरचीची भजी आणि चहा एवढीच नावे होती, आणि खाद्यपत्रिका आखूड असणे हा उपाहारगृहाचा मोठा गुण आहे हे माझे जुने मत येथे अधिक पक्के झाले. जेथे तीनच पदार्थ आहेत तेथे तिन्हींकडे लक्ष असते, आणि गिऱ्हाईक आल्यावर ते करायला घेणे शक्य असते.

उंचीचा आणखी एक परिणाम स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर कळला. साधारण दर ३०० मीटर चढले की पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणजे तोरणमाळला पाणी १०० ऐवजी ९६ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागते. चहाला याने फारसा फरक पडत नाही, पण उघड्या पातेल्यात डाळ शिजायला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जेवणाची डाळ म्हणूनच सकाळीच चुलीवर चढवलेली होती, आणि लाकूड-गॅसचा मेळही त्यावरून ठरत होता : पोहे आणि भजी गॅसवर, डाळ आणि अंघोळीचे पाणी चुलीवर.

भजीसाठी नंदुरबारकडच्या लांब हिरव्या मिरच्या होत्या. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी देशभर ओळखली जाते, आणि हिवाळ्यात तेथे मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली दुरूनही दिसते. येथे मात्र मिरची उभी चिरून, बी काढून, आत मीठ आणि आंबट पूड भरून मग बेसनात बुडवली होती. ती पूड आमचुराची. अक्राणी तालुक्यात आंब्याची झाडे विपुल आहेत. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चकत्या करून घरोघरी वाळवतात, आणि हे आमचूर व्यापाऱ्यांना विकून अनेक कुटुंबांच्या हाती वर्षातली मोठी रोख रक्कम येते. त्या भज्याची आंबट-तिखट चव मला लिंबापेक्षाही अधिक रुचली, कारण तिच्यात वाळलेल्या कैरीचा एक हलका तुरट वास शिल्लक राहतो.

न्याहारी झाल्यावर यशवंत तलावाच्या काठाने फेरी मारली, गोरखनाथांच्या मंदिरात दर्शन घेतले आणि दुपारी सीताखाईपर्यंत जाऊन आलो. महाशिवरात्रीला या मंदिराची मोठी यात्रा भरते. सीताखाईत पावसाळ्यानंतरची धार आता बारीक झाली होती, पण दरीची खोली त्यामुळे कमी वाटत नाही.

आई या फेरीला आली नाही. ती उपाहारगृहातच, चुलीजवळच्या पाटावर बसून राहिली. तेथे भांडी घासायला आणि भाजी चिरायला गावातीलच एक पावरा बाई येते. आम्ही परतलो तेव्हा दोघींचा पिठावरचा संवाद रंगात आला होता. आई जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली असल्याने ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीविषयी ती तासभर बोलू शकते. बाईने तिला सांगितले की त्यांच्या घरी मक्याची भाकरी होते, मका घरच्या शेतातला असतो आणि पीठ लागेल तेवढेच दळले जाते. आईने लगेच विचारले, “मग ही भाकरी इथे का नाही करत, पोरी?” उत्तर चालकांनी दिले : “आजी, ते आमच्याकडचं घरचं खाणं. फिरायला आलेल्या माणसाला ते कसं द्यायचं? लोक पोहे मागतात, मॅगी मागतात.”

आई त्यावर शांतपणे म्हणाली, “भरीत-भाकरीचंही आमच्याकडे असंच म्हणायचे.”

तिचे म्हणणे अगदी खरे आहे. आमच्या लहानपणी पाहुणा आला म्हणजे पोळ्या आणि भात व्हायचे. भरीत, ठेचा आणि कळण्याची भाकरी हे शेतावरचे, घरातल्यांपुरते खाणे समजले जाई. आज हिवाळा लागला की जळगावकडे भरताचे बेत ठरतात, दूरदूरचे लोक त्यासाठी मुद्दाम येतात, महामार्गावरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर शेवभाजीच्या शेजारी भरीत आणि कळण्याची भाकरी ठळक अक्षरांत असते, आणि ज्या पोपटी, मोठ्या वांग्याचे हे भरीत होते त्या जळगावच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच वर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीलाही ते मिळाले. म्हणजे घरचे खाणे पाहुण्याला देण्यात कमीपणा नाही, हे खानदेशाने स्वतःच्या अनुभवाने शिकलेले आहे. मग सातपुड्याच्या माथ्यावरच मक्याच्या भाकरीने स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला का बसावे? मी हे चालकांना बोलूनही दाखवले. त्यांनी बाईकडे पाहिले, बाईने आईकडे पाहिले, आणि रविवारी सकाळी मक्याची भाकरी करायचे ठरले. पीठ बाई घरून आणणार होती आणि त्याचे पैसे तिला वेगळे मिळणार होते. हे शेवटचे आईनेच ठरवून घेतले.

रविवार

त्या सकाळी आम्ही साडेसातच्याही आधी पोहोचलो, कारण भाकरी होताना पाहायची होती. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पाणी कडकडीत गरम घेऊन त्यात पीठ कालवावे लागते. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि त्यानेच गोळा बांधला जातो. पीठ जुने असेल तर त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडांना चिरा पडतात. बाईने पीठ आदल्या संध्याकाळी दळून आणलेले होते. तिने परातीत मूठभर पीठ घेऊन ते तळव्याने बराच वेळ रगडले, मग गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवला, परातीला फारसा न टेकवता. भाकरी जाडसर होती. एक बाजू तव्यावर पाणी फिरवून भाजली, दुसरी तव्यावरच, आणि शेवटी ती चुलीतल्या निखाऱ्यांसमोर उभी करून ठेवली. ती पूर्ण फुगली तेव्हा आईने “वा!” असे मोठ्याने म्हटले, आणि बाई पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली.

सोबत सालीसकट शिजवलेली उडदाची घट्ट डाळ होती. तिला लसूण आणि लाल मिरचीचे वाटण लावले होते, तेल जवळजवळ नव्हतेच. बाजूला आमचूर, मिरची आणि मीठ वाटून केलेली कोरडी चटणी, आणि कांदा. मक्याच्या भाकरीला स्वतःची एक गोडी असते. ती डाळीबरोबर खाताना जाणवत नाही, पण चटणीबरोबर खाताना लगेच पुढे येते, कारण आंबट चवीनंतर जिभेला गोड अधिक कळते. आईने कळण्याच्या भाकरीशी तिची तुलना केली. कळण्याच्या भाकरीत उडदामुळे लवचीकपणा येतो, ती गार झाली तरी मोडत नाही आणि शिदोरीला चालते. मक्याची भाकरी मात्र तव्यावरून उतरल्या उतरल्या खावी, गार झाली की ती घट्ट होते. म्हणजे प्रवाशाने बसून, करणाऱ्याच्या समोरच खावा असा हा पदार्थ आहे, आणि या दृष्टीने तो उपाहारगृहाला पोह्यांपेक्षाही अधिक शोभतो. पत्नीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारच्या जेवणाची आठवण कोणालाच झाली नाही. खडकी पॉइंटच्या बाजूला दुपारभर पायी हिंडलो, तरी पोटाने साथ सोडली नाही.

दहा वाजता चित्र पालटले. रविवार असल्याने शहादा, नंदुरबार आणि खेतियाकडून गाड्या येऊ लागल्या. चारही बाके भरली, बाहेर माणसे उभी राहिली आणि एकाच वेळी पंधरा जणांनी पोहे मागितले. चालकांनी दुसरे पातेले चढवले, तेही अर्ध्या तासात संपले. त्यानंतर आलेल्या एका मोठ्या गटाला त्यांनी स्पष्ट सांगितले की पोहे संपले आहेत, भजी तळून मिळतील, पण वीस मिनिटे लागतील. गटातील एक जण चिडला आणि एवढ्या लांब येऊन पोहेही मिळत नाहीत असे बोलला. चालक हात जोडून म्हणाले, “भाऊ, काढून ठेवलेले असते तर दिले असते, पण तुम्हाला ते गार लागले असते.” गट निघून गेला. माझ्या मते चालकांचे वागणे सर्वस्वी योग्य होते. गर्दीच्या दिवशी सकाळी सहालाच मोठे पातेले भरून ठेवायचे आणि दुपारपर्यंत त्यातून वाढत राहायचे, ही सोपी वाट त्यांच्यापुढे होती. ती न धरल्याने एका गटाचे पैसे गेले, आणि ज्यांनी खाल्ले त्यांना खाण्याजोगे मिळाले.

गर्दीच्या वेळी मला एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती या उपाहारगृहाची नव्हे तर आपणा प्रवाशांची आहे. घरून बांधून आणलेला फराळ तळ्याच्या काठी खाऊन प्लॅस्टिकचा मुलामा असलेल्या कागदी बशा तेथेच टाकून जाणारे अनेक जण दिसले. उपाहारगृहात स्टीलच्या बशा आणि पेले वापरतात. ते घासायला पाणी आणि माणूस लागतो, तो खर्च चालक सोसतात. उघड्या माळावर बसून खाण्याचा आनंद मला कळतो, पण बशी परत नेणे अवघड नाही.

आमच्या शेजारी बसलेल्या नंदुरबारच्या एका कुटुंबातील आजोबांनी आमच्या ताटातील भाकरी पाहून ती मिळेल का, असे विचारले. पीठ अजून उरले होते. बाईने त्यांच्यासाठी चार भाकऱ्या थापल्या. त्यानंतर आणखी दोन बाकांवरून मागणी आली, आणि पीठ संपले. चालक हे सारे पाहत होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी भाकरीला किती पैसे लावावेत, असे आईला विचारले. आईने आधी सरपण, पीठ आणि बाईची मजुरी यांचा हिशेब मांडायला लावला आणि मगच आकडा सांगितला.

सोमवार

परतीचा दिवस असल्याने न्याहारी लवकर आणि थोडक्यात उरकली : एकेक बशी पोहे आणि चहा. सोमवारी गिऱ्हाईक जवळजवळ नसते. चालक दुपारी स्वतः शहाद्याला सामान आणायला उतरणार होते आणि त्यांच्या यादीत उडदाची डाळ नव्याने लिहिलेली दिसली. मका आणायची गरज नव्हती, तो गावातूनच मिळणार होता, आणि घाटाचा खर्च न लागणारी वस्तू म्हणून त्यांना तो हिशेबही पटला होता.

घाट उतरून शहाद्यात आलो तेव्हा दहा वाजले होते आणि पुन्हा भूक लागली होती. गुजरातची हद्द जवळ असल्याने येथे सकाळी फाफडा, कच्च्या पपईच्या किसाचा संभार आणि बेसनाची गरम कढी सर्रास मिळते. आम्ही एका जुन्या दुकानात उभ्या उभ्याच खाल्ले. फाफडा समोर लाटून तळला जात होता, कढी पातळ आणि किंचित गोड होती, आणि पपई या भागातलीच असल्याने तिचा कीस करकरीत लागत होता. शहरातल्या गर्दीला पुरे पडण्याइतका वेग आणि तरीही ताजेपणा कसा राखता येतो, हे या दुकानात शिकण्यासारखे आहे : तळणारा एकच पदार्थ तळतो आणि कढई रिकामी राहत नाही. तोरणमाळच्या चालकांना हे जमणार नाही, कारण तेथे दिवसभर सारखी गर्दी नसते. त्यांच्यासाठी आदल्या रात्रीची वहीच योग्य.

त्या वहीविषयी शेवटी एवढे सांगतो. तोरणमाळला मुक्काम असेल तर पोहोचल्या संध्याकाळीच उपाहारगृहात जाऊन माणसे आणि वेळ सांगून ठेवावी. मक्याची भाकरी हवी असेल तर तेही तेव्हाच सांगावे, कारण पीठ रात्री दळावे लागते. शनिवार-रविवारी नऊच्या आत न्याहारी करावी, हिवाळ्यात इडलीचा आग्रह धरू नये, आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही.